तहसीलदार एकटाच फुलला

शेंदूरजनाघाट,
५ नोव्हेंबर २०२४

आकांक्षा पोरी,

मी खाटेवर बसून सांगून राहिली अन् तुही काकू आरती लिहून राहिली. तिले ताकीद देली हाये का मी बोलीन तसंच लिही, सुधरवू नको. तिनं आताच एक शब्द सुधरवला. मले अक्षर समजत नाई, पन तिचा हात थांबला अन् ओठ दाबले, म्हंजे सुधरवलाच.

पयले तुह्यासंग भांडन. तू दिवाईले आली, दोन्ही दिवस चुलीपाशी बसून ते तुह्यं केऑस का काय ते मले समजावलं. मी मान हालवत होती. खरं सांगू? अर्ध्यातच मी कानातलं मशीन बंद केलं होतं. तुहे हात असे उडत होते का मले वाटलं, आवाज नसला तरी पाहाले मजा येते. आता म्हनशीन, फोनवर सांगतो. फोन कानाले लावला का हे मशीन शिटी मारते. शेजारच्या उत्तमरावच्या कुत्र्याले वाटते त्यालेच बलावलं, ते येऊन दारात उभं राह्यते. म्हून कागदावर लिही.

आता कामाचं. तुह्या गजेंद्रकाकानं खालची संत्र्याची बाग तोडाची ठरवली. म्हनते, "एक साल एवढा माल का फांद्याईले टेकू लावा लागते, दुसऱ्या साली घरी खायाले नाई. अन् ज्या साली आपल्याले येते त्याच साली साऱ्या वरुडाले येते, भाव मातीत." जेसीबीवाल्यासंग बोलून ठेवलं त्यानं. मी दोन दिवस जेवली नाई. तिसऱ्या दिवशी त्यानं मुदत देली. महाशिवरात्रीपावतर आंबिया बहाराचं, म्हंजे थंडीतलं, फूल चांगलं दिसलं तं बाग राहीन. नाई दिसलं तं दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी. यंदा झाडाईनं पोटभर देलं, म्हंजे येत्या फुलाची साल उपाशी. हे त्याले मालूम, मले मालूम. अशी मुदत कोनी देते का व?

ते झाडं मी लावले हायेत. तुहा आबाजी दोरी धरून ओळ पाहे अन् मी खड्ड्यात उतरून रोप धरो. विहिरीपाशीचं शेवटचं झाड तुले आठवत असन, त्याले मी तहसीलदार म्हनतो. उंच, ताठ, मनात आलं तं देते, नाई तं पुढच्या साली या म्हनते.

तू म्हनत होती का ज्याले लोक लहर म्हंतात, त्यालेही नियम असते. मशीन बंद कराच्या पयले एवढं ऐकलं मी. मंग झाडाच्या लहरीले नियम हाये का? असन तं सांग, गजेंद्रपुढं ठेवतो. नसन तं तसं सांग, पन लवकर.

तुही आजी,
पार्बताबाई
(अंगठा देनार होती, आरती म्हनते पत्राले लागत नाई.)


अकोला,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजी,

मशीन बंद होतं? आणि मी तुझ्या मान हलवण्यावर खूश होऊन परतले! कॉलेजात माझ्या गाइड प्रियदर्शनी मॅडमना सांगितलंसुद्धा, की गणिताच्या एमएस्सीला आम्हाला जे दोन महिने लागले ते आमच्या आजीला दोन दिवसांत समजलं. आता परत सांगते. काकू, सावकाश वाच. आजी, कानाला हात लावू नको.

केऑस म्हणजे नुसता गोंधळ नाही. नियम पक्का असतो, रोज तोच. पण सुरुवातीला केसाएवढा फरक पडला, तर तो फरक वाढत वाढत एवढा होतो की शेवट पार वेगळा. तिकडे अमेरिकेत एक हवामानवाला होता. गणकयंत्रात आकडा भरताना त्याने आकड्याची शेपटी सोडून दिली, म्हटलं एवढ्याशाने काय होणार. कॉफी पिऊन परत आला तर यंत्रातलं हवामान ओळखू येईना. म्हणून उद्याच्या पावसाचा अंदाज सांगता येतो, पुढच्या महिन्यातल्या अमुक दिवसाचा नाही. नियम माहीत असूनसुद्धा!

तू मडक्यावर लांब रोटी करतेस ना, त्याची कणीक आठव. ताणायची, दुमडायची, परत ताणायची. तिच्यात हळदीचे दोन कण अगदी शेजारी शेजारी ठेवले, तर चार-सहा वेळा ताणून दुमडल्यावर ते कुठे असतील? एक इकडच्या काठाला, एक तिकडच्या. तूही तीच, हातही तेच, पण कण दूर. हेच केऑस.

आणि हे सगळीकडे आहे, आजी! निरोगी माणसाचं हृदयसुद्धा घड्याळासारखं टकटक करत नाही, ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त होत असतं, डॉक्टर लोक त्यात हे गणित शोधतात. पिकावरची कीड एका वर्षी सगळं खाते, दुसऱ्या वर्षी दिसत नाही, त्यात आहे. रस्त्यावर एकाने उगाच ब्रेक दाबला आणि मागे कोसभर गाड्या अडकल्या, त्यात आहे. मला रात्री झोप लागत नाही या आनंदाने, आई दिवा बंद करून जाते.

आता तुझी झाडं. झाड वर्षभर पानांनी कमावतं आणि बहाराला खर्च करतं. बेतानं खर्च करणारं झाड दरवर्षी थोडं थोडं देतं. उधळं झाड एका वर्षी सगळं देऊन बसतं, दुसऱ्या वर्षी हात वर करतं. आणि त्याहून उधळं झाड असेल, तर ते कधी देईल याचा काही मेळच लागत नाही. तिघांचा नियम एकच, फक्त उधळेपणा कमीजास्त! आपली बाग मधल्या जातीची वाटते. पण तिच्यात एखादं तिसऱ्या जातीचं निघालं तर मला ते हवंय. फुलाच्या वेळी मी येते, प्रत्येक झाड बघते. काका हट्टी आहेत, पण डोळ्यांनी दिसलं की ऐकतात.

तुझी,
आकांक्षा


शेंदूरजनाघाट,
३ डिसेंबर २०२४

आकांक्षा,

तुह्यं पत्र आरतीनं आंगनात वाचलं. ऐकाले मी, उत्तमराव अन् त्याची म्हैस. मन लावून ऐकलं ते म्हशीनंच. शेवटी एका जागी आरती थांबली, मंग खालच्या ओळीवर उडी मारली. मी म्हतलं, "काय खाल्लं व मदातलं?" म्हने, "काही नाही आई, शाई पसरली." तवाच गजेंद्र मोटरसायकल लावून आत येत होता, तवा शाईत काय होतं ते मले समजलं. बरोबर लिहिलं तू. हट्टीच हाये. माह्यावर गेला.

मंग मी रोटीची परीक्षा केली. दोन कण म्हनते तू! माह्या हाताले आता कण धरता येते का? हळदीची डबीच कनकीत पडली. पयल्यांदा ताणली तं एक पिवळी रेघ, दुमडून ताणली तं दोन, मंग रेघाच रेघा, अन् शेवटी सारी रोटी पिवळी. गजेंद्रनं ताटात पाहून इचारलं, "कोनाले कावीळ झाली?" आरती म्हने, "आई केऑस शिकून राहिल्या." त्यानं वांग्याच्या भाजीसंग सगळ्या खाल्ल्या. पन मले एक गोष्ट दिसली ते तू लिहिली नाई. कोनता कण कुठी जाईन ते सांगता येत नाई, खरं हाये. पन सारी रोटी पिवळी होनार, हे पयलेच सांगता येते. तुह्या मॅडमले इचार, हे बरोबर का चूक. चूक असन तं आरतीनं लिहाले चूक केली असं समज.

उत्तमरावले तं तुह्यं गनित लय आवडलं. तो तरणा होता तवा एका दिवशी त्याचा चष्मा घरी राह्यला, म्हून वरुडच्या जागी मोर्शीच्या गाडीत बसला. शेजारच्या मानसासंग तंबाखू खाल्ला, गोष्टी झाल्या, पुढं त्याच मानसाच्या घरी पोरगी देली. मी म्हतलं, "पाहा, हेच केऑस." त्याचं तोंड उतरलं. "म्हंजे माह्या पोरीचं लग्न गनितानं झालं?" मी म्हतलं, "नाई, चष्म्यानं. जावई आजूक त्याच चष्म्याले दोष देते."

थंडी लय पडली हाये. मले काही नाई, गिझरच्या पान्यानं आंग धुतो. मागच्या साली आपलं नवं बाथरूम झालं, तवा ह्या गल्लीत पयला गिझर आपल्या घरी आला, हे तुह्या मैत्रिणीईले सांगजो.

पंधरा दिवसानं गजेंद्र बागेचं पानी तोडन. तुले मालूम हाये, फूल यावं म्हून झाडाईले महिना-दीड महिना ताण देतात, थेंबभर पानी नाई. पान मलूल झालं का मंग पानी सोडतात, अन् झाड घाबरून फुलते. त्या दिवसात गजेंद्र बांधावर कोनाले चूळ भरू देत नाई. देवाच्या मूर्तीपाशी जाते तसा जाते बागेत.

फुलाच्या वेळी ये. डोळ्याले दिसन तेच सांगजो त्याले, वरतून काही लावू नको. त्याले समजते.

आजी


अकोला,
७ फेब्रुवारी २०२५

आजी!

तुमच्याकडून निघाले तेव्हापासून एका जागी बसले नाही. बसमध्ये शेजारच्या बाईंना सगळं सांगितलं, त्या चांदूरबाजारला उतरायच्या होत्या, घाईघाईने आधीच उतरल्या.

सगळी खालची बाग हिरवीगार आणि कोरी, कुठे चार कळ्या, कुठे दोन. आणि विहिरीपाशी तुझा तहसीलदार! पान दिसत नव्हतं, एवढं पांढरं. मधमाश्यांचा आवाज बांधावरून ऐकू येत होता. मी काकांना विचारलं, "मागच्या हंगामात बाग लदली होती तेव्हा याने काय दिलं?" म्हणाले, "टोपलंभर नाई." म्हणजे समजलं का तुला? सगळी झाडं एका तालात, आणि हा एकटा बरोबर उलट्या तालात! एकच माती, एकच पाणी, एकाच दिवशी लावलेली रोपं. कुठेतरी केसाएवढा फरक असणार, मुळाशी, कलमाशी, आणि तो वर्षानुवर्षे वाढत वाढत एका हंगामात झाड फिरलं. कोणी काही न करता! तीन महिने मी कागदावर जे झाड शोधत होते ते आपल्याच विहिरीपाशी उभं आहे.

प्रियदर्शनी मॅडमनी फोटो दोनदा पाहिले. म्हणाल्या, अमरावतीला विद्यापीठात वीस तारखेला चर्चासत्र आहे, तिथे हे तू मांड. मी! एवढ्या मोठ्या हॉलमध्ये!

काकांना मी सांगितलं, की एक झाड आपोआप फिरू शकतं तर बाकीचीही फिरतील, तोडू नका, थांबा. ते फावडं उचलून बांधाकडे निघून गेले. महाशिवरात्र तीन आठवड्यांवर आली. तू बोल त्यांच्याशी.

आणि एक. मॅडम म्हणतात, खात्री करून घे. मागच्या हिवाळ्यात, म्हणजे तो बहार चुकला तेव्हा, तहसीलदारापाशी काही वेगळं घडलं होतं का? कीड, खत, फांदी मोडली, काहीही? मी म्हटलं, आजीचा जीव बागेत असतो, काही असतं तर तिने सांगितलंच असतं.

आकांक्षा


शेंदूरजनाघाट,
१० फेब्रुवारी २०२५

आकांक्षा,

काही नाई घडलं. काय घडनार? झाड हाये, उभं होतं, फुललं.

त्या हिवाळ्यात मी तं घरातच होती. गिझर नवा नवा होता, रोज सकाळी दार लावून मजेनं आंग धुवो, गरम गरम. थंडीत मी बागेत काहून जाईन? आरती, हसू नको, लिही. झाडाच्या पोटात काय चालते ते झाडाले मालूम. तू शिकलेली, तुले दिसलं, मले लय आनंद झाला. सांग अमरावतीले. चांगलं लुगडं नेस. नाई, तुह्याकडं लुगडं कुठून, जे असन ते नेस पन फाटका पँट नेसू नको.

गजेंद्रसंग बोलली मी. तो आयकून घेतो, हे त्याचं चांगलं हाये. मंग म्हने, "आई, आकांक्षा म्हनते झाड आपल्या मनानं फिरलं. मानलं. मंग माह्या हातात काय राह्यलं? मनाले पानी देऊ का मनाले खत देऊ? ज्या गोष्टीत मले काही करताच येत नाई, त्याच्यासाठी बाग कायले ठेवू?"

मी उठून चुलीपाशी गेली.  त्या दिवसापासून जेवन गोड लागत नाई. जेसीबीवाला काल येऊन वाट पाहून गेला, कुठून आत घालाचा ते.

एवढंच. बाकी साऱ्याईची तब्येत बरी हाये.

आजी

*आकांक्षा, आईंचं वर संपलं. हे दुसरं पान माझं. त्या आत गेल्या आहेत.*

*तुझे काका "माह्या हातात काय राह्यलं" म्हणाले तेव्हापासून मला राहवत नाही. त्या हिवाळ्यात आई घरात नव्हत्या. नवं बाथरूम बांधताना जुनी न्हाणी पाडली. गिझर लावला, आई एकदाच आत गेल्या. लाल दिवा लागला, टाकी गुरगुरली, आणि त्या कोरड्याच बाहेर आल्या. पण तोवर गावभर सांगून झालं होतं. मग रोज दार लावायच्या, नळ सोडायच्या, थोड्या वेळाने बाहेर येऊन "लय मस्त होतं" म्हणायच्या. आणि ऊन चढलं की लुगडं काखेत मारून बागेत. विहिरीच्या हौदाचं पाणी उन्हाने कोमट होतं. तहसीलदाराखाली तो दगड आहे ना, त्यावर आंघोळ, तिथेच धुणं. सारा पौष, रोज. सगळी बाग ताणावर आणि तहसीलदार पोटभर पाणी पीत होता. तो कशाला घाबरेल, कशाला फुलेल?*

*यांना मी सांगितलं नाही. ताणाच्या दिवसांत बागेत पाणी पडलं हे कळलं असतं तर जेवण टाकलं असतं यांनी. या हिवाळ्यात मी गोठ्यामागे टिनाची आड करून दिली, चुलीवर पाणी तापवून देते. तुझं चर्चासत्र बिघडवते आहे, समजतं मला. माझं नाव घेऊ नको.*

*आरतीकाकू*


अकोला,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मिळालं. मजकूर वाचून मी पूर्ण दुपार गच्चीवर बसले होते. का ते विचारू नको.

आता एक कल्पना कर. समज, एखाद्या बागेला ताण दिला आहे. आणि समज, एका झाडाखाली कोणीतरी, कोण ते आपल्याला माहीत नाही, रोज पाणी सांडलं. त्या झाडाला ताण बसणार नाही. बाकीची झाडं फुलतील, ते फुलणार नाही. त्याची कमाई तशीच साठून राहील. पुढच्या वर्षी बाकीची झाडं रिकाम्या हाताची, आणि ते लदलेलं. एकदा चुकलेला ताल पुढेही उलटाच चालायला हवा, निदान माझं गणित तसं म्हणतं.

असं झालं असेल तर माझा शोध गेला. झाड आपोआप फिरलं नाही, कोणीतरी फिरवलं. पण आजी, गच्चीवरून मी उड्या मारत खाली आले! कारण कोणी फिरवलं असेल, तर फिरवता येतं! केऑसच्या गणिताचा हा अर्धा भाग मी तुला सांगितलाच नव्हता. जिथे बारीक फरकाने सगळं बदलतं, तिथे नेमक्या वेळी बारीक धक्का दिला की आपल्याला हवं तसंही वळवता येतं. बिघडलेल्या हृदयाचा ताल असा हलक्या धक्क्यांनी सावरता येईल का, हे लोक प्रयोगशाळांमध्ये करून पाहतात. काकांनी विचारलं होतं ना, माझ्या हातात काय राहिलं? हे राहिलं!

फक्त मला हॉलमध्ये उभं राहून खरं काय ते सांगावं लागेल. आणि ज्याने पाणी सांडलं त्याची परवानगी लागेल. तुला असं कोणी माहीत आहे का?

आकांक्षा


शेंदूरजनाघाट,
१७ फेब्रुवारी २०२५

आकांक्षाबाई,

माह्यं सांगनं एका पानात मावते. त्या दिवशी पाकिटात दोन पानं होते. हातात घेतल्याबरोबर समजलं मले. पन मी काही म्हतलं नाई, पोस्टात टाकू देलं. आता समज काहून टाकू देलं ते.

आरती आता लिहिता लिहिता लाल झाली. होऊ दे.

मले सांगतांनी जीभ रेटत नोती, म्हून तिच्या हातानं गेलं तं बरंच झालं. हो, मीच आंग धुवो तठी. त्या भिंतीवरच्या टाकीत कोन बसलं हाये ते मले मालूम नाई अन् मले त्याच्यापुढं उघडं व्हाचं नाई. पन मी एवढ्या ठिकानी गिझरची तारीफ केली का उत्तमरावनं माह्यं आयकून त्याच्या घरी लावला. आता तू अमरावतीच्या साऱ्या शिकलेल्या लोकाईपुढं सांगनार का आमची आजी झाडाखाली आंग धुते? आंग धुनं नको सांगू. लुगडे धुनं सांग.

आरती म्हनते, गनितात असं चालत नाई, पानी किती ते खरं सांगा लागते.

बरं. सांग. आंग धुनं सांग. पन गिझर वाईट हाये असं म्हनू नको, तो चांगलाच हाये, मले जमला नाई.

गजेंद्रले मी सांगनार नाई. माह्या तोंडून आयकलं तं तो म्हनन, आई बाग वाचवासाठी गोष्टी बनवते. तूच बलाव त्याले तठी. तुह्या तोंडून आयकू दे, परक्या लोकाईत. तठी त्याले ओरडता येनार नाई.

आजी


अकोला,
२२ फेब्रुवारी २०२५

आजी,

झालं! मी बोलले! माझा आवाज पहिली दोन मिनिटं उंदरासारखा होता, मग सुटला.

आदल्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, गेलं. मग हसायला लागल्या, डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, "नाव बदल भाषणाचं, बाकी तसंच राहू दे. आता ते जास्त चांगलं झालंय." हॉलमध्ये मी तहसीलदाराचा फोटो दाखवला आणि सांगितलं, याचं कारण मी मुळांत शोधत होते, ते वर आंघोळ करत होतं. सगळा हॉल हसला, आजी, पण तुला हसला नाही. मला हसला, आणि मीही हसले. गिझरबद्दल चांगलं बोलले. तुझं पिवळ्या रोटीचंही सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या, ते बरोबर आहे: एकेक कण कुठे जाईल ते सांगता येत नसलं तरी सगळ्या कणांचं मिळून काय होईल ते पुष्कळदा सांगता येतं.

काका आले होते. मी बोलावलं तेव्हा "पाहू" म्हणाले होते, आणि शेवटच्या रांगेत बसलेले दिसले. आंघोळीचं सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. प्रश्नांच्या वेळी एक हात वर. काका! उभे राहून म्हणाले, "अर्ध्या बागेले ताण देला अन् अर्ध्या बागेले त्या साली पानी चालू ठेवलं, तं दरवर्षी अर्धी बाग येईन का? साऱ्याईचा माल नसते त्या सालीसुद्धा?" मॅडमनी खरं तेच सांगितलं: गणित हो म्हणतं, पण आपल्याजवळ झाड एकच आहे, आणि एका झाडावरून बागेची खात्री देता येत नाही. काका म्हणाले, "मंग पाहाले दोन-तीन साल लागतीन." आणि बसले. चहाला बाहेर आले तर काका नाहीतच. न भेटता निघून गेले!

आजी, ते रागावलेत का? तुला काही बोलले का? महाशिवरात्र चार दिवसांवर आली. मी फोन केला तर "कामात हावो" म्हणून ठेवला. मला काही सुचत नाही. लगेच लिही, नाहीतर काकूला फोनवर एक शब्द सांगायला सांग. नको, फोन नको. फोनवर ऐकवणार नाही माझ्याने.

आकांक्षा


शेंदूरजनाघाट,
२८ फेब्रुवारी २०२५

आकांक्षा पोरी,

फोन मीच करू देला नाई आरतीले. हे मले सांगाचं होतं, माह्या तोंडानं, पयल्यापासून.

अमरावतीहून गजेंद्र रातच्याले आला, जेवला, झोपला. माह्यासंग ना भांडला ना बोलला. शिवरात्रीचा दिवसही तसाच गेला. मी महादेवाले गेली, बेल वाह्यला, पन मांगतांनी काय मांगाचं तेच समजेना. काल सकाळी उठली तं कानात मशीन नोतं, तरी जेसीबी आलेला समजला. खाटेच्या पायातून समजला, सारी भुई थरथरत होती.

मी तशीच निंघाली. मांगून आरती, एका हातात माह्या चपला, दुसऱ्यात मशीन; वाटेतच तिनं ते माह्या कानात बसवलं. बागेत गेली तं जेसीबी बांध उतरून आत येत होता. मी मदातल्या ओळीच्या पयल्या झाडाले पाठ लावून उभी राह्यली अन् ओरडली, "पयले मले उपट, मंग याले." गजेंद्र पुढं आला. हातात घमेलं. मी म्हतलं, "घमेल्यात काय हाये?" तो म्हने, "चुना. आई, सरक जराशी, तुह्या पायाखालून रेघ जाते."

पाह्यलं तं खरंच पांढरी रेघ. बागेच्या बरोबर मदातून, विहिरीपासून थेट नाल्यापावतर. ह्या ओळीचे झाडं इकडं, त्या ओळीचे तिकडं. जेसीबीनं त्या रेघेवर दात टेकवले अन् नाली खंदाले सुरवात केली. एका झाडाले हात नाई लावला. एक फांदी मोडली तं गजेंद्र त्या ड्रायव्हरच्या आंगावर असा धावला का मले मधात पडा लागलं. ट्रॅक्टरमधी पाइप होता, नवा, काळा, गुंडाळलेला. तुह्या अमरावतीच्या चहाच्या टायमाले हा मानूस पाइपाच्या दुकानात होता, दुकान बंद व्हाच्या पयले पोचाचं म्हून पळाला! अन् दोन कॉक. एक फिरवला तं इकडच्या अर्ध्याले पानी, दुसरा फिरवला तं तिकडच्या. मी हसाव का रडाव. तुह्यं सारं गनित त्यानं दोन कॉकात बसवलं व माय!

मले म्हने, "तीन साल पाहीन. तीन सालात नाई जमलं तं मंग तू आडवी येऊ नको." मी म्हतलं, "कबूल." आरतीसमोर कबूल केलं, आता तुह्यासमोर.

आंग धुन्याचं? त्याबद्दल एकच बोलला. म्हने, "मले सांगतलं असतं तं मी तठी आड करून देली असती." 

आता जे सांगतो ते नीट वाच. संध्याकाळी नाली बुजवून झाली, माती आंगावरची झटकली, अन् तो माह्यापाशी येऊन उभा राह्यला. म्हने, "आई, येत्या ताणाले कोनता अर्धा उपाशी ठेवाचा? इकडचा का तिकडचा?"

तुहा आबाजी गेला, बाग गजेंद्राच्या हातात आली, पन ह्या बागेचं मले कोनी कधी इचारलं नोतं. मी सांगत होती, रोज, न इचारता. सारे आयकून सोडून देत होते. आता इचारलं, तं मले बोलताच नाई आलं. मी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. आरती म्हनते का आजी चूप बसली हे लिहाले लावू नका, पोरगी इस्वास ठेवनार नाई. पन चूप बसली. मंग म्हतलं, "आजूक लय टाइम हाये. पाहून सांगतो." तो म्हने, "पाह्य. तू सांगशीन तोच."

तू आता अकोल्याले बसून गनितानं कोनता अर्धा ते काढशीन, मले मालूम हाये. काढ. पन पाकिटात बंद करून ठेव, मले सांगू नको. पयले मी सांगीन, मंग तू उघड.

आता पुरे म्हनतो. ऊन उतरून राह्यलं, अन् मले अंधाराच्या पयले दोन्ही अर्धे फिरून पाहाचे हायेत.

तुही आजी,
पार्बताबाई